दोन रविवारांची गोळी: संधिवाताच्या रुग्णाला फ्लूची लस देताना

माझ्याकडे उपचार घेणाऱ्या एका काकूंच्या मुलाने पिशवीतून फ्लूच्या लसीची डबी काढून दवाखान्यात माझ्या टेबलावर ठेवली, तेव्हा आतली सिरिंज बर्फासारखी पांढरी झाली होती. शनिवार, ४ मे २०२४ ची सकाळ. आदल्या संध्याकाळी त्याने ती पुण्यात घेतली, बर्फाच्या पिशवीसोबत एसटीने गावी आणली आणि "चांगली गार राहावी" म्हणून रात्रभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. दीड हजाराच्या वरची वस्तू. मी ती बाजूला सारली आणि ही देता येणार नाही म्हणाले, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. फ्लूची लस २ ते ८ अंश सेल्सियसमध्येच ठेवायची असते. एकदा गोठली की नंतर वितळून कितीही स्वच्छ दिसली तरी ती टाकून द्यायची, असं डबीतल्या कागदावर छापलेलं असतं. पण तो कागद कोण उघडून वाचतं? दुकानदाराने त्याला "थंड ठेवा" एवढंच सांगितलं होतं.

त्या दिवशी वाया गेलेल्या पैशांपेक्षा मला वाया जाणाऱ्या दिवसांची काळजी जास्त होती. का, ते कळायला काकूंचं प्रकरण पहिल्यापासून सांगायला हवं. त्यांच्या संमतीने, नाव-गाव वगळून सांगते आहे.

वय ५८. सातारा जिल्ह्यातलं शेतकरी घर. दहा वर्षांपासून संधिवात, वयाने गुडघे झिजतात तो नव्हे. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, तो ऱ्हुमॅटॉइड. आठवड्यातून एकदा, रविवारी रात्री, ही उलटलेली प्रतिकारशक्ती दाबणारी मेथोट्रेक्सेटची गोळी, २० मिलिग्रॅम. मधल्या दिवसांत फॉलिक ॲसिड. जोडीला संधिवाताचंच हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि रोज प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ मिलिग्रॅम. (मेथोट्रेक्सेट रोज घेऊन जिवावर बेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. म्हणून त्यांच्या घरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारला लाल गोल करायची सवय आम्ही पहिल्याच वर्षी लावली होती. त्या गोलांचा पुढे वेगळाच उपयोग झाला.)

ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांना फ्लू झाला होता. त्या पावसाळ्यात राज्यात एच१एन१, म्हणजे स्वाइन फ्लू, पुष्कळ होता. काकूंना ताप फारसा चढलाच नाही. प्रेडनिसोलोन तापाला झाकून ठेवतं, त्यामुळे घरचे "कणकण आहे" म्हणत चार दिवस थांबले. पाचव्या दिवशी माझ्याकडे आणलं तेव्हा ऑक्सिजन ८८ वर होता. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया, नऊ दिवस रुग्णालयात, आणि घरी आल्यावर सांध्यांनी पुन्हा उचल खाल्ली, कारण त्या काळात मेथोट्रेक्सेट बंद ठेवावं लागलं. प्रेडनिसोलोनची चिठ्ठी त्याआधी कित्येक महिने मीच लिहीत होते. एकदाही त्यांना फ्लूच्या लसीबद्दल बोलले नव्हते. रक्तदाब, साखर, यकृताच्या चाचण्या सगळं पाहत होते, लस मात्र माझ्या डोक्यातच आली नव्हती. ती चूक माझी होती आणि ती मला अजून टोचते.

पुढच्या वर्षी मी विषय काढला तेव्हा काकूंनीच नकार दिला. त्यांना नात्यातल्या कुणी तरी सांगितलं होतं, "तुमची प्रतिकारशक्ती कमी आहे, लस झेपायची नाही." हे वाक्य मी आजवर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की त्याचं मूळ काय असेल याचा विचार करावा लागला. त्यात अर्धं खरं आहे. जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लसी, म्हणजे कांजिण्यांची, गोवर-गालगुंडाची, पीतज्वराची, प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाला देत नाहीत. फ्लूचीही नाकात फवारायची एक जिवंत लस असते. तीही अशांना चालत नाही. पण दंडात टोचायची जी फ्लूची लस आपल्याकडे सर्रास मिळते, तिच्यात जिवंत विषाणू नसतोच. विषाणू मारून, फोडून त्याचे तुकडे तेवढे घेतलेले असतात. त्यांनी फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखेल, दोन दिवस अंग मोडून आल्यासारखं वाटेल, एवढंच. म्हणजे "झेपत नाही" हा प्रश्न नाहीच. खरा प्रश्न उलट्या बाजूने येतो: दाबलेली प्रतिकारशक्ती या लसीला पुरेसं उत्तर देईल का?

त्या वर्षी काकू ऐकल्या नाहीत. २०२४ च्या एप्रिलमध्ये मात्र प्रकरण वेगळ्याच वळणावर आलं.

बोटांच्या पेरांची सूज हटेना. सकाळी दोन-दोन तास मूठ वळत नव्हती. भाकरी थापणं सुनेकडे गेलं होतं आणि ते काकूंना सांध्यांच्या दुखण्यापेक्षा जास्त लागत होतं. पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांनी पुढचं औषध ठरवलं: रिटुक्सिमॅब, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा सलाइनमधून. काकूंच्या यजमानांना पूर्वी क्षय झाला होता. दुसऱ्या काही जैविक औषधांनी दबलेला क्षय उफाळायची भीती असते, ती रिटुक्सिमॅबला तेवढी नाही, म्हणून हे निवडलेलं. हिपॅटायटिस बीच्या चाचण्या झाल्या, इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींची, पातळी पाहून झाली. तारीख मेच्या मध्यावरची मिळत होती.

इथेच पेच होता. रिटुक्सिमॅब नेमकं बी-पेशींना मारतं. नव्या अँटिबॉडी ज्यांच्यापासून तयार होतात, त्या याच पेशी. औषध गेलं की पुढचे सहा महिने, कधी त्याहून जास्त, शरीराला नवी ओळख शिकवणं अवघड होतं. त्या काळात लस टोचली तर अपाय काही नाही, पण बहुतेक पाण्यात जाते. मात्र औषधाच्या आधी जे शिकून झालेलं असतं ते बरंचसं टिकतं, कारण पक्क्या झालेल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींवर या औषधाचा मारा नसतो. लस टोचल्यावर शरीराला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे लस आधी, मग किमान दोन आठवडे थांबा, चार मिळाले तर उत्तमच, आणि मग रिटुक्सिमॅब. औषध आधी सुरू झालं असतं तर अख्खा पावसाळा काकू जवळजवळ उघड्यावर राहिल्या असत्या. आणि आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यातच असतो, जुलै ते सप्टेंबर. दुसरी, जरा लहान लाट जानेवारी ते मार्चच्या आसपास.

हे मी समजावत होते तेव्हा काकूंचे यजमान खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होते. ते म्हणाले, "म्हणजे वापसा साधायचा म्हणा की, डॉक्टर. आधी पेरलं तर चिखलात, मागं राहिलं तर कोरड्यात." मला इतक्या वर्षांत याहून चांगलं सांगता आलेलं नाही.

तर मी संधिवाततज्ज्ञांना फोन केला. त्यांनी सलाइनची तारीख २७ मेपर्यंत पुढे ढकलली. आता मागे मोजत आलं की लस उशिरात उशिरा १३ मेच्या आत टोचायला हवी होती. आणि ४ तारखेला माझ्यासमोर गोठलेली सिरिंज पडली होती.

दुसरी मिळवायला गेलो तेव्हा गावातल्या दोन दुकानांत दोन वेगवेगळ्या डब्या निघाल्या. कंपाउंडर दोन्ही बर्फाच्या डब्यातून घेऊन आला, बर्फ आणि डबी यांच्या मध्ये जाड कागदाची घडी घालून. थेट बर्फाला टेकली तरी लस गोठू शकते, हे त्याला आता पाठ झालं आहे. दोन्ही डब्या फ्लूच्या विषाणूच्या चार जातींसाठीच्या, मुदत दोन्हींची शिल्लक. पण वरची बारीक अक्षरं वाचली तर एक उत्तर गोलार्धाच्या २०२३-२४ च्या हंगामाची, दुसरी दक्षिण गोलार्धाच्या २०२४ ची. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कोणते विषाणू घालायचे ते सुचवते; फेब्रुवारीत उत्तरेकडच्या हिवाळ्यासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडच्या. नकाशावर आपण उत्तरेत, पण आपला फ्लू पावसाळी. म्हणून एप्रिल-मेमध्ये दक्षिणेची नवी डबी आली असेल तर ती घ्यावी, असं मी करते. नसेल आली तर आहे ती टोचावी. नव्याची वाट बघत पाऊस अंगावर घेऊ नये.

दोन्ही डब्या मी काकूंच्या यजमानांच्या हातात दिल्या. चष्मा लावून त्यांनी ओळ न् ओळ ताडून पाहिली. ए/व्हिक्टोरिया/४८९७/२०२२ दोन्हीवर. बी/ऑस्ट्रिया/१३५९४१७/२०२१ दोन्हीवर. बी/फुकेत/३०७३/२०१३ दोन्हीवर. फरक एकाच ओळीचा: जुनीवर ए/डार्विन/९/२०२१, नवीवर ए/थायलंड/८/२०२२. विषाणूचा प्रकार, तो जिथे सापडला ते ठिकाण, प्रयोगशाळेचा क्रमांक, वर्ष, असं ते नाव वाचायचं. फुकेतच्या ओळीतला विषाणू, बी प्रकारातल्या यामागाता घराण्याचा, ते घराणं जगात मार्च २०२० नंतर कुठे खात्रीने सापडलेलंच नाही, म्हणून ते लसीतून काढा असं संघटनेने सप्टेंबर २०२३ मध्येच सुचवलं होतं. त्यामुळे कुणाला तीन जातींची लस मिळाली तर आपल्याला हलका माल दिला असं समजू नये.

आम्ही थायलंडची डबी घेतली.

आता राहिलं मेथोट्रेक्सेट. याच गोळीवर सगळ्यात जास्त विचार करावा लागला. मेथोट्रेक्सेट लसीचा परिणाम कमी करतं, हे माहीत होतं. कोरियात यावर एक नीट अभ्यास झाला, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला: संधिवाताच्या ज्या रुग्णांनी फ्लूची लस घेतल्यावर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवलं, त्यांच्यापैकी ७५.५ टक्क्यांना लसीचा समाधानकारक प्रतिसाद आला. ज्यांनी गोळी चालू ठेवली त्यांच्यात ५४.५ टक्क्यांना. फरक छोटा नाही. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये हाच सल्ला स्वीकारला, पण एक अट घालून: आजार आटोक्यात असेल तर. आणि हेही स्पष्ट केलं की गोळी थांबवता येत नसेल तरी फ्लूची लस चुकवायची नाही.

काकूंचा आजार आटोक्यात कुठे होता? उलट भडकलेला. कागदावरच्या सल्ल्याप्रमाणे गोळी चालू ठेवून लस द्यावी, असंच निघत होतं. पण त्यांचं २०२२ चं आजारपण आठवत होतं, आणि पुढे रिटुक्सिमॅब होतं. या वर्षी लस लागू पडायची ही एकच खिडकी. संधिवाततज्ज्ञ आणि मी फोनवर बराच वेळ बोललो. दोन रविवार गोळी थांबवायची, तेवढ्यापुरतं प्रेडनिसोलोन ५ वरून १० मिलिग्रॅम करायचं, आणि दुखणं असह्य झालं तर लगेच गोळी सुरू, असं ठरलं. हा प्रत्येकासाठीचा रस्ता नव्हे. रुग्णाने आपल्या मनाने गोळी थांबवू नये, हे मी काकूंना तीनदा सांगितलं. निर्णय मात्र त्यांच्यावर सोडला. दोन आठवडे हात जास्त दुखतील, हे लपवलं नाही.

त्या म्हणाल्या, "ते नऊ दिवस नाकाला नळी लावून पडले होते, तेव्हा हात दुखत नव्हते का? चालेल."

शनिवार, ११ मे. मतदान ७ तारखेला झालं होतं. त्यांच्या डाव्या हाताच्या सुजलेल्या तर्जनीवर शाईची रेघ नखाकडून वळत खाली आली होती. ताप नव्हता, ऑक्सिजन ९७. फ्रीजमधून सिरिंज काढून हातात धरून जरा कोंबट होऊ दिली, हलवली, डाव्या दंडात स्नायूत टोचली. उजव्या दंडात न्यूमोकॉकल लस. फ्लूच्या पाठीवर येणारा न्यूमोनिया त्यांनी एकदा भोगलाच होता, आणि ही लसही रिटुक्सिमॅबच्या आधीच चांगली लागू पडते. दोन्ही एका दिवशी चालतात. अर्धा तास बसवून घेतलं. कॅलेंडरवर १२ आणि १९ मेच्या लाल गोलांवर यजमानांनी निळी फुली मारली, २६ चा गोल तसाच ठेवला.

पहिला आठवडा बरा गेला. दुसरा वाईट. २१ तारखेला सकाळी सुनेचा फोन आला: काकूंना तांब्या उचलता येत नाही, केस विंचरता येत नाहीत, रडू येतंय पण कुणाला सांगू देत नाहीत. मी घरी गेले. दोन्ही मनगटं गरम, फुगलेली. मी गोळी सुरू करूया म्हणाले. काकूंनी कॅलेंडरकडे बोट केलं. "पाच दिवस राहिले." मग प्रेडनिसोलोन तेवढ्या दिवसांसाठी १५ केलं आणि त्यांनी ते पाच दिवस काढले. त्या पाच दिवसांचं वजन कुठल्याच टक्केवारीत येत नाही.

२६ ला गोळी सुरू, २७ ला पहिलं सलाइन, १० जूनला दुसरं.

इतकं करूनही काकूंच्या अंगात लस किती रुजली हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तशी अँटिबॉडी तपासणी रोजच्या उपचारात कुणी करत नाही आणि केली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. म्हणून दुसरी तटबंदी घराची. ज्याची स्वतःची लस अर्धीच लागू पडेल अशी शंका आहे, त्याच्या आजूबाजूच्यांनी लस घेतलेली असणं फार मोलाचं. यजमान, मुलगा, सून, तिघांना मेमध्येच टोचली. बालवाडीत जाणारा चार वर्षांचा नातू. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. त्याचा पहिला झाला. दुसरा जूनमध्ये होता, तेव्हा तो मामाकडे गेला, आला तो जुलाब घेऊन, मग शाळा, मग पाऊस. राहिलाच. आम्ही आठवण केली नाही, हेही खरं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो फणफणला. या वेळी मात्र घर चार दिवस थांबलं नाही. २०२२ नंतर मी त्यांना फ्रीजवर एक कागद लावून दिला होता: घरात कुणालाही ताप-खोकला आला की काकूंची खोली वेगळी, तोंडाला मास्क, आणि काकूंना नुसती कणकण, नुसता घसा, नुसता थकवा जरी वाटला तरी त्याच दिवशी फोन. ताप किती चढला ते बघत बसायचं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन आला. काकूंना ताप ९९.६, घसा खवखवतोय, अंग जड.

लस घेतली आहे म्हणून औषध लांबवायचं नसतं, अशा रुग्णात तर मुळीच नाही. फ्लूच्या रुग्णांच्या आपल्याकडच्या सरकारी वर्गवारीत (अ, ब, क) दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण 'ब'च्या दुसऱ्या गटात येतात. त्यांना तपासणीच्या अहवालाची वाट न बघता ऑसेल्टामिवीर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध द्यायचं. लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तर उत्तम, पण यांच्यात उशीर झाला तरी द्यावं. मूत्रपिंडाचा अहवाल चांगला होता, तेव्हा ७५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, त्याच रात्रीपासून. घशाचा नमुना पुण्याला गेला. मेथोट्रेक्सेट बरं वाटेपर्यंत बंद. दिवसातून चारदा बोटाला ऑक्सिमीटर, आणि एकदा अंगणात सहा मिनिटं चालून पुन्हा. ९४ च्या खाली आला, धाप लागली, छातीत दुखलं, गुंगी आली, तर थेट रुग्णालय. गाडी दारात उभी करून ठेवली होती.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला: इन्फ्लुएंझा ए. तोवर ऑक्सिजन ९५ च्या खाली एकदाही उतरला नव्हता. पाचव्या दिवशी भूक आली. खोकला मात्र तीन आठवडे रेंगाळला. दबलेल्या प्रतिकारशक्तीत विषाणू जास्त दिवस बाहेर पडत राहतो, म्हणून नातवाला तेवढे दिवस आजीच्या कुशीत झोपू दिलं नाही. त्याचं त्याला फार वाईट वाटलं. तो दाराबाहेर बसून तिला पाढे म्हणून दाखवायचा.

रुग्णालयात जावं लागलं नाही, हे लसीमुळे, की पहिल्या रात्रीच्या गोळीमुळे, की नुसत्या नशिबाने? एका माणसावरून हे सांगता येत नाही आणि मी सांगणारही नाही. २०२२ ला यांतलं पहिलं आणि दुसरं, दोन्ही नव्हतं.

नातवाचा दुसरा डोस सप्टेंबरमध्ये झाला. डिसेंबरमध्ये रिटुक्सिमॅबची पुढची फेरी, त्यानंतरची जूनमध्ये येणार हे कॅलेंडरवर आधीच मांडून ठेवलं. हात बरेच सुधारले आहेत. भाकरी पुन्हा त्याच थापतात, लहान लहान.

२०२५ च्या एप्रिलअखेर मी फोन करायच्या आधीच काकूंचे यजमान दवाखान्यात आले. मुलाला पाठवलं नव्हतं. थर्मासच्या डब्यात डबी, डबी आणि बर्फाच्या मध्ये वर्तमानपत्राची घडी. चष्मा लावून त्यांनी ती माझ्यासमोर मोठ्याने वाचली. "व्हिक्टोरिया तीच आहे. ऑस्ट्रिया तीच. थायलंड गेलं, डॉक्टर. यंदा क्रोएशिया आहे."